हुकुमाचं इंग्रजी

मला इंग्रजी कुणी शिकवलं असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, हिंगोलीच्या स्टेशनाबाहेर चहा विकणाऱ्या बद्रुद्दीनचाचांनी. ऐकणारे आधी हसतात, मग मी थट्टा करतेय की काय म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. बघू देत. शाळेत आठ-आठ वर्षं पाटी घासलेल्यांपेक्षा माझं इंग्रजी जास्त उपयोगाला आलं, आणि मला तेवढं पुरतं.

गोष्ट छत्तीस सालची. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आमचा तांडा हिंगोलीपासून दोन कोसांवर होता. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा मी माझं गाठोडं उचलून भावाकडे परत आले. भांडून आले, रडून नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण तांड्यात नेमकी उलटी बातमी पसरली होती. माझा मोठा भाऊ वसराम मनाने चांगला, पण लोक काही बोलले की त्याचे कान लगेच लाल व्हायचे. दोन वर्षं त्याने लोकांचं ऐकून घेतलं आणि मग आखाडा बाळापूरकडच्या तांड्यातला गोपीचंद नावाचा एक बिजवर माझ्यासाठी बघून ठेवला. गोपीचंद माणूस वाईट नव्हता. त्याला चार लेकरं होती, शेत होतं, दारात बैल होते. फक्त मला तो नको होता.

मला काय हवं होतं ते माझ्या बापाच्या पायामुळे कळलं. बापाच्या, म्हणजे खेमा नायकाच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय मांडीपर्यंत सुजला. आम्ही त्याला रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. एकवीस दिवस मी त्याच्या खाटेखाली झोपले. मला रिकामं बसता येत नाही, हा माझा जन्माचा रोग आहे. तिसऱ्या दिवसापासून मी शेजारच्या खाटांवरच्या बायकांना पाणी पाजू लागले, आठव्या दिवशी एकीचं लेकरू जन्मलं तेव्हा मीच त्याला आधी हातात घेतलं. ते ओलं, गरम, रागावलेलं लेकरू हातात आलं आणि मला वाटलं, जन्मभर हेच करावं. इतकं सरळ मला आयुष्यात दुसरं काही वाटलेलं नाही.

तिथल्या मोठ्या नर्स होत्या शालूबाई. ख्रिस्ती होत्या, पण बोलणं आपल्याकडचंच. निघायच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दोन वर्षं इथं शिकवतेत. ऱ्हाणं-खाणं इथंच. लिहायला-वाचायला आमी शिकवू," त्या म्हणाल्या. "पण नवी डॉक्टरीणबाई विलायतेहून आली. तिला इंग्रजीबिगर काही येत न्हाई. तिचं बोलणं तुला समजलं पाहिजे. दिवाळीनंतर पाच पोरी निवडणार हाय. तेवढं इंग्रजी जमव अन् ये."

तेवढं इंग्रजी जमव! जणू रानातून काटक्याच जमवून आणायच्या होत्या. पण मी हो म्हणून बसले.

वसरामने सगळं ऐकलं, बैलांना वैरण टाकली, मग म्हणाला, "दिवाळीपस्तोर वाट बघतो. तुला घेतलं तर घेतलं. न्हाई घेतलं तर गाडी जुंपून बाळापूरला सोडतो. मंग रडायचं न्हाई अन् भांडायचं बी न्हाई." मी कबूल झाले. माझ्या हातात चार महिने होते.

आठवड्यातून दोनदा मी लाकडाची मोळी घेऊन हिंगोलीला जायची. एक मोळी ठरलेली, बद्रुद्दीनचाचांच्या चुलीसाठी. चाचा साठीच्या घरातले, काटकुळे, दाढी पांढरी, आणि अंगात इस्त्री नसली तरी ताठ दिसणारा सदरा. हिंगोलीत पूर्वी इंग्रजांची छावणी होती. तरुणपणी चाचांनी तिथल्या एका कप्तानाच्या बंगल्यावर तेरा वर्षं बेअरर म्हणून काम केलं. छावणी उठली, साहेब गेले, घोडे गेले, आणि चाचा मागे राहिले. त्यांच्या दुकानापुढे कुत्रं आलं की ते असं काही इंग्रजी ओरडायचे की कुत्र्याबरोबर दोन गिऱ्हाइकंही उठायची. एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांनाच विचारलं.

"तुला शिकवू? बेटी, मला लिहिता येत न्हाई," चाचा म्हणाले.

"मला बी येत न्हाई. म्हंजे बराबर झालं."

ते खुदकन हसले. शिकवण्याचं काय घ्याल असं मी विचारलं, तर म्हणाले, "ओली लाकडं आणत जाऊ नको, बस." हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं, कारण लाकडं खरंच ओली असायची.

चाचांची शिकवणी चुलीपुढे, दुपारची गाडी गेल्यावर. त्यांचा एक नियम होता. शब्द कधी एकटा शिकवायचा नाही. एकटा शब्द लंगडा, असं ते म्हणायचे. दोन शब्द जोडीनेच यायचे, एक कामाचा आणि एक वस्तूचा.

"मेक टी. चहा कर. मेक फायर. जाळ कर. मेक बेड. बिछाना नीट कर."

"बिछान्याला काहून मेक?" मी विचारलं. "पलंग तर सुतार करतो."

चाचांनी किटली खाली ठेवली. "मी लांब असलो तर तू मला काय करती?"

"हाक मारते."

"मारती? कशानं, काठीनं?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"हाक मारती, गप्पा मारती, उडी मारती. कुणाला लागलं का कंदी? तुझ्या मराठीला मी काहून म्हणून विचारलं न्हाई. तू माझ्या इंग्रजीला विचारू नको. कोणता शब्द कोणासंग चालतो तेवढं ध्यानात ठेव."

हे मला पटलं, कारण आमच्या गोठ्यात तोच प्रकार होता. हरण्या बैल मोत्याबरोबर दिवसभर नांगराला चालायचा, पण त्याच ताकदीच्या दुसऱ्या बैलाबरोबर जुंपला की तास, म्हणजे नांगराची रेघ, वाकडी करायचा. का, ते बापालाही सांगता येत नव्हतं. ज्याची ज्याच्याशी जोडी, त्याच्याशीच ती लावायची. त्या दिवसापासून मी 'का' विचारणं सोडलं, निदान इंग्रजीपुरतं.

पण ध्यानात ठेवायचं कसं? लिहिता येत नव्हतं. मला येत होतं ते शिवणकाम. आमच्या बायका कापडावर आरसे, कवड्या आणि रंगीत टाके भरतात, ते मला तांड्यात कुणाहीपेक्षा चांगलं जमायचं. फुशारकी नाही, खरं आहे. मी एक कापड घेतलं. मेकला लाल धागा, टेकला पिवळा, ब्रिंगला निळा, गिव्हला पांढरा, शटला काळा. घरी गेले की त्या दिवसाची जोडी टाक्यांत बसवायची. लाल धाग्यात कप, लाल धाग्यात खाट, लाल धाग्यात जाळ. निळ्या धाग्यात घागर, निळ्या धाग्यात दिवा. काळ्या धाग्यात दार आणि खिडकी. भावजय विचारायची, हे कसलं नक्षीकाम, ना फूल ना पान? मी म्हणायचे, इंग्रजी आहे. ती कपाळाला हात लावायची.

दुसरा नियम अजून कडक होता. चाचा हुकूम बोलले की मी तोंडाने काही म्हणायचं नाही, ते काम करायचं. "ब्रिंग वॉटर" म्हणाले की पाणी. "वॉश कप" म्हणाले की कप धुवायचे. आणि तेही वाक्य संपायच्या आत. "साहेबाला तेच दोनदा बोलावं लागलं म्हंजे समज नोकरी गेली," ते सांगायचे. "जवाब तोंडानं न्हाई, हातानं द्यायचा." पहिला महिना मी कप फोडले. दुसऱ्या महिन्यात माझे हात माझ्याआधी ऐकू लागले. चाचांच्या बायको जैनबबी दुपारची भाकरी घेऊन यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "फुकटची नोकर भेटली तुमाला. शिकवून राहिले की राबवून राहिले?" चाचा म्हणाले, "हे असंच शिकतात. मी असाच शिकलो."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. चाचा दिवसभर लोकांना चहा पाजायचे, पण स्वतः कधी बसून प्यायचे नाहीत. गिऱ्हाइकांकडे पाठ करून, चुलीपाशी उभ्याने, दोन घोटांत कप रिकामा. घरीही असंच, असं जैनबबी सांगायच्या. तो छावणीचा सराव होता.

एकदा त्यांच्याकडे बघताना मी विचारलं, "चाचा, चहा करायला मेक, आणायला ब्रिंग. अन् प्यायला?"

"त्याला हॅव म्हणायचे. हॅव टी," चाचा कप पुसत म्हणाले. "पण ते साहेबलोगांचं आपसातलं. टेबलाभवती बसून एकमेकाला म्हणायचे. आपल्याला लागत न्हाई. चल, शट डोअर."

मी दार लावलं. आणि हॅवला धागा घातला नाही.

दिवाळी झाली. स्टेशनावर वसराम आणि बाप मला गाडीत बसवायला आले. बाळापूरला अजून नकार कळवलेला नव्हता, हे तो मला ऐकू जाईल अशा बेताने बापाला सांगत होता. चाचा दुकान सोडून आले. माझ्या काखेत ते कापड होतं, एकसष्ट जोड्या भरलेलं.

"भ्यायचं न्हाई. अन् जोरात बोलायचं," चाचांनी बजावलं. "साहेबाचा आवाज छावणीच्या त्या टोकाला जायचा. इंग्रजी हळू बोलत न्हाईत."

दवाखान्यात आम्ही अकराजणी होतो. बाकीच्या दहाजणी शाळेत गेलेल्या. माझी पाळी शेवटी आली. खोलीत डॉक्टरीणबाई टेबलामागे बसली होती, उन्हाने नाक सोललेली, चष्मेवाली, लहानखुरी बाई. शेजारी शालूबाई. दार उघडंच होतं.

बाई बोलली. इतक्या हळू, इतक्या गोड आवाजात की मला वाटलं ती शालूबाईंशीच बोलतेय. पण ती माझ्याकडे बघत होती. तिचं वाक्य शेवटाला वर जायचं आणि तिथेच लोंबकळत राहायचं, मग ती थांबायची. मी सगळे धागे धुंडाळले. लाल नाही, पिवळा नाही, निळा नाही. तिने दुसरं वाक्य टाकलं, तेही वर गेलं. मग तिसरं. हिला वाटेल या पोरीला काहीच येत नाही, आणि माझ्या डोळ्यांपुढे बाळापूरची गाडी दिसू लागली. येतंय ते तरी दाखवून द्यावं म्हणून मी ताठ उभी राहिले, हनुवटी वर केली आणि कप्तानसाहेबाच्या आवाजात सुरू केलं.

"शट द डोअर! ब्रिंग वॉटर! मेक टी! डोन्ट मेक नॉइज!"

डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्धी उठली. तिचा हात खरोखरच दाराकडे गेला होता. बाहेरच्या पोरी एकदम गप्प झाल्या. शालूबाईंनी कपाळ धरलं.

"अगं रुक्मे, बाईला हुकूम काहून सोडून राहिलीस!"

"हेच इंग्रजी हाय," मी म्हणाले. "मला हेच येतं."

"ती तुला नाव विचारून राहिली. अन् इथं काहून यायचं, ते."

नाव! चार महिन्यांत एकसष्ट जोड्या शिकले आणि नाव विचारणारी एकही नव्हती. त्या क्षणी मला चाचांचा राग आला. मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही बोलले. बाई शालूबाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलली, आणि त्यांनी मला सांगितलं, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी मी चार लेकरांच्या भाकरी थापत असणार होते. परतीची गाडी संध्याकाळची होती. मी बायकांच्या वॉर्डाबाहेर, उघड्या दाराशेजारी व्हरांड्यात बसून राहिले. रडले. त्याची लाज नाही वाटत. राग गेल्यावर मला एकच गोष्ट परत परत आठवत होती. चाचांनी एकदा सांगितलं होतं की बंगल्यावर त्यांना 'बॉय' म्हणायचे. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, त्यांना लेक होती. मला आता कळत होतं की तेरा वर्षांत त्यांना त्या भाषेत कुणी नावसुद्धा विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी मला ते नक्की शिकवलं असतं. मी उगीच रागावले होते.

इतक्यात आतून डॉक्टरीणबाईचा आवाज आला. हा वेगळा आवाज होता. आखूड, सरळ, वर न जाणारा.

"मेक द बेड."

मी उठले कधी ते मला ठाऊक नाही. माझे हात मला विचारायला थांबले नाहीत. दाराजवळची खाट रिकामी झाली होती. चादर झटकली, ताणली, कोपरे खाली दाबले. बाई माझ्याकडे पाठ करून पुढच्या खाटेवरच्या म्हातारीचा कागद वाचत होती. तिच्या हाताखालची पोरगी औषध आणायला गेली होती, हे तिला माहीत नव्हतं.

"शट द विंडो."

लावली.

"ब्रिंग हॉट वॉटर."

बंब कुठे आहे ते मला बापाच्या वेळेपासून ठाऊक होतं.

"वॉश युअर हँड्स."

धुतले.

"होल्ड द लॅम्प. गिव्ह मी द टॉवेल."

एका हातात दिवा धरला, दुसऱ्याने टॉवेल दिला. तिने न बघता घेतला. म्हाताऱ्या बाईच्या पाठीवरचं गळू बघून झालं, पट्टी झाली. मग ती वळली आणि दिव्यामागे तिला माझं तोंड दिसलं.

मग तिने माझ्यावरची नजर न काढता हळूच म्हटलं, "ओपन द विंडो." मी उघडली. "टेक द लॅम्प." नेला. "ब्रिंग द लॅम्प." आणला. मी दिवा टेबलावर ठेवायच्या आत तिला हसू फुटलं. इतकं मोकळं हसू की म्हातारीही पालथी पडल्या-पडल्या हसू लागली. शालूबाई धावत आल्या. बाईने त्यांना विचारलं, त्यांनी मला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

मी सांगितलं. छावणी, कप्तान, बेअरर, तेरा वर्षं, चुलीपुढची शिकवणी, सगळं. कापड उलगडून लाल-पिवळे धागेही दाखवले. शालूबाई एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेल्या. बाई हसत होती ती हळूहळू हसायची थांबली. तिने कापडावरच्या लाल कपावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलली.

"बाई म्हणतेत," शालूबाईंनी सांगितलं, "ऐकायचं तुला सगळ्यांपेक्षा चांगलं येतं. बोलायचं आमी शिकवू. तुला घेतलं."

मी खाली बसले.

चार वाजता बाईच्या खोलीपुढे चहा आला. निवडलेल्या पाचजणी तिथे ओळीने उभ्या होतो. बाईने किटली उचलली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ते शेवटाला वर जाणारं वाक्य बोलली, "विल यू हॅव टी?"

मला टी ऐकू आलं. मी उडी मारून स्वयंपाकघराकडे पळाले. शालूबाईंनी मला पदराला धरून मागे ओढलं.

"अगं थांब! करायला न्हाई सांगून राहिली. तू घेतीस का, इचारून राहिली."

"मला?"

"तुलाच."

बाईने भरलेला कप माझ्यापुढे धरला होता. मी तो घेतला आणि सवयीने पाठ फिरवून उभ्याने पिऊ लागले. मग माझ्या लक्षात आलं की मी कुणासारखी पितेय. त्या रात्री मी कापडाच्या कोपऱ्यात हिरव्या धाग्याने एक कप भरला. बासष्टावी जोडी.

वसरामला मी शालूबाईंकडून पत्र लिहवून घेतलं. त्याने उत्तर धाडलं, कुणाकडून तरी लिहवून, की गोपीचंदला साखरा गावची बायको मिळाली आहे आणि ती स्वभावाने तुझ्यापेक्षा गरीब आहे, तेव्हा सगळ्यांचं भलं झालं. खाली एक ओळ जास्त होती. तांड्यात आता मी आपल्या बहिणीचं सांगतो तेव्हा माझे कान लाल होत नाहीत. ती ओळ ऐकून मला फार बरं वाटलं.

होळीला चार दिवसांची सुट्टी मिळाली. आमच्यात होळी म्हणजे सगळ्यांत मोठा सण, तांड्यावर रात्रभर लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गातात, नाचतात. पण हिंगोलीला उतरले ती आधी चाचांच्या दुकानात गेले. दुपारची गाडी निघून गेली होती, बाकडी रिकामी होती. चाचा कप धूत होते. मला बघून त्यांनी हात पुसले, डोक्यावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला.

"बोलली का जोरात?"

"बोलले."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बाईला दार लावायचा हुकूम सोडला ते ऐकून ते पोट धरून हसले. पण ती नाव विचारत होती हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते बाकाची कड पुसू लागले, पुसलेलीच परत पुसू लागले.

"मला दुसरं ऐकूच न्हाई आलं, बेटी," ते म्हणाले. "कुणी सवालच केला न्हाई. जे कानावर पडलं ते दिलं. माझ्यामुळं तुझी तकलीफ झाली."

मला रागच आला. "तकलीफ? शाळेत गेलेल्या सहाजणी घरी गेल्या, अन् मी ऱ्हायले. तुमच्या हुकुमानं ऱ्हायले. परत असं बोलाल तर ओली लाकडं आणीन."

ते थोडे हसले, पण मान वर केली नाही. तेव्हा मी पिशवी बाजूला ठेवली, चुलीपाशी गेले आणि चहा ठेवला. त्यांच्या दुकानात त्यांच्यासाठी कुणी चहा केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. ते "अगं, सोड, सोड" करत होते. मी ऐकलं नाही. एक कपबशी भरली, गिऱ्हाइकांच्या बाकापुढच्या टेबलावर ठेवली. मग मी सरळ उभी राहिले आणि हळू आवाजात, डॉक्टरीणबाई बोलते तसं, शेवट वर नेत विचारलं,

"बद्रुद्दीनसाहेब, विल यू हॅव टी?"

चाचा चटकन पुढे आले. त्यांचा हात किटलीकडे गेला.

"बसा, चाचा," मी म्हणाले. "हुकूम न्हाई हा. तुमाला विचारून राहिले."

ते किटली हातात धरून तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, टेबलावरच्या कपाकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवत नव्हते.

"ह्याचा जवाब काय देत असतात?" त्यांनी विचारलं.

"पाहिजे तर येस म्हणायचं. नको तर नो."

"नो बी चालतं?"

"चालतं."

चाचांनी किटली खाली ठेवली. सदरा नीट केला. कितीतरी वेळ ते विचार करत होते, जणू दुकानात दोन नव्या वस्तू आल्या आहेत आणि त्यांतली आधी कुठली उचलून बघावी ते ठरत नाही. मग छाती भरून श्वास घेतला आणि ठणठणीत आवाजात म्हणाले,

"नो."

म्हणाले आणि स्वतःच खदखदून हसले. लहान लेकराला पहिल्यांदा शिट्टी जमावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं.

"आता परत विचार," ते म्हणाले.

मी परत विचारलं.

"येस," चाचा म्हणाले. मग ते गिऱ्हाइकांच्या बाकावर येऊन बसले, पाठ टेकली, आणि कप दोन्ही हातांत धरून सावकाश चहा प्यायले.